शाळेतले तेवीस दिवस

मराठी शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव कधी लागलं नाही, पण एका मराठी शाळेत मी तेवीस दिवस राहिले आहे. आमच्या वाडीची प्राथमिक शाळा, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. तेव्हा मला पंधरावं लागलं होतं. आता मी साताऱ्यात सोन्याचा कस तपासणाऱ्या एका केंद्रात काम करते. सुट्टीला एसटीनं विट्याला आणि तिथून वाडीला जाते, तेव्हा वाटेत ती शाळा लागते. पोरं पाढे म्हणत असतात. मी आत कधी जात नाही. हे सगळं लिहून ठेवते म्हटल्यावर आई म्हणाली, "तुझं वय हाय का आठवणी लिहायचं?" तिचं बरोबरच आहे. माणसं हातपाय थकल्यावर अशा गोष्टी लिहायला घेतात. पण माझं लहानपण त्या खोलीतच संपलं, त्याची कडा मला अगदी स्पष्ट दिसते, आणि ती पुसट व्हायच्या आत कागदावर यावी असं वाटतं.

त्याच्या आधीचं सगळं आयुष्य सेलमचं, तमिळनाडूतलं. तिथं सोनारांच्या गल्लीत पप्पांचं गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, तेजाबात उकळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हा आमच्या विटा-आटपाडी भागातल्या निम्म्या घरांचा धंदा. पाऊस नसलेल्या मुलखातली माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली. दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. तेजाबाचा पिवळसर धूर जिन्यातून वर यायला लागला की आई दार लोटून खाली ओलं फडकं लावायची. पप्पांच्या एकूण एक शर्टाला बारीक भोकं होती आणि त्यांचा खोकला इतका कायमचा होता की शाळेतून येताना तो ऐकू आला की घर आलं असं वाटायचं. घरात आम्ही गावाकडचं बोलायचो, जिना उतरलं की तमिळ. समोरच्या सेल्वी अक्का सकाळी इडलीचं पातेलं उघडायच्या तेव्हा त्या वाफेचा वास आमच्या खिडकीत यायचा, आणि बरोबर त्याच वेळेला आई तव्यावर बाजरीची भाकरी टाकायची. बाजरी गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून यायची. ती संपत आली की पप्पा चतकोर भाकरीवर यायचे, हळूहळू खायचे. गाव आम्हाला वर्षातून चार दिवस भेटायचं, बिरोबाच्या यात्रेला. आज्जा म्हणजे माझ्यासाठी त्या चार दिवसांतलं एक लाल पटक्याचं, घोंगडीचा वास येणारं, फार न बोलणारं माणूस होतं. आजी माझ्या जन्माआधीच गेली होती. आज्जा मेंढरांबरोबर एकटा राहायचा.

साथ आली, टाळेबंदी झाली आणि भट्टी विझली. आमच्या गल्लीत दिवसभर हातोड्यांची टकटक असायची. ती थांबली, तेव्हा कळलं की आम्ही त्या आवाजाला टेकून जगत होतो. पप्पा तरीही रोज सकाळी खाली जाऊन दुकान झाडायचे, सोनं गाळायच्या मुशी ओळीनं मांडायचे, पुन्हा उचलून ठेवायचे. दुसरा महिना लागला. गल्लीच्या टोकाला दोन माणसं आजारी पडली, तसं पप्पांनी ठरवलं की मला आणि आईला गावाला पाठवायचं. त्याच तालुक्यातल्या आणखी एका घराबरोबर गाडी ठरली, पास निघाला. आई म्हणाली, तुमीबी चला. ते म्हणाले, "सोनारांचा माल कपाटात हाय. लोकांचा ऐवज टाकून मी कसा येऊ? रस्ते खुले झाले की ज्येचा त्येला देतो आन येतो." मला जायचं नव्हतं. मी भांडले, जेवले नाही. गाडीत बसल्यावर पप्पा खिडकीशी आले, काचेवर बोटानं टकटक केलं, आणि मी तोंड फिरवून पलीकडे बघत बसले. गाडी वळणावर गेल्यावर मी मागं पाहिलं. तोवर गल्ली दिसेनाशी झाली होती.

हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. लिहिलं, आता पुढं जाते.

पूर्ण एक दिवस प्रवास करून, कागलच्या नाक्यावर तीन तास उन्हात थांबून आम्ही वाडीला पोहोचलो. बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं असं गावानं ठरवलं होतं. आमच्या सोबतचं कुटुंब त्यांच्या गावी उतरलं होतं, त्यामुळे शाळेत आम्ही दोघीच. पटांगणात फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गाव. काही लोकांना आमचं येणंच पसंत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. आज्जा ग्रामपंचायतीत जाऊन म्हणाला होता, "माजी सून न् नात हाय. त्येंनी कुटं जायाचं?" आणि उत्तराची वाट न बघता तिथंच पायरीवर बसून राहिला होता. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा तो रेघेच्या पलीकडे काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "आलीसा?" एवढंच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "आत पान्याचा माठ भरलाय बगा."

खोलीत बाकं भिंतीला लावून जागा केली होती. फळ्यावर मार्चमधल्या कुठल्या तरी दिवसाची तारीख आणि खाली अर्धवट पुसलेला सुविचार तसाच होता. भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते होते. मला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. रिकाम्या दुपारी आई तक्त्यावर काडी ठेवून मला अक्षरं शिकवायची. कमळातला क, खटाऱ्यातला ख. आज हे मी ज्या अक्षरांत लिहिते आहे ती मला तिथं मिळाली. सकाळी गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई यायच्या, तोंडाला फडकं बांधून, कपाळाजवळ ते यंत्र धरून ताप बघायच्या आणि वहीत लिहायच्या. जेवण शेजारच्या हौसाआजीकडून यायचं. हौसाआजी म्हणजे आज्जाच्या चुलतभावाची विधवा, आज्जाच्या दाराला दार लागून तिचं घर. ती भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करून द्यायची, आज्जा ते रेघेवर आणून ठेवायचा आणि दहा पावलं मागं जाऊन उभा राहायचा. आम्ही घ्यायचो. माडगं मला पहिल्या दिवशी घशाखाली उतरलं नाही. मी इडलीची आठवण काढून रडले. आईनं दोघींच्या वाटचं खाल्लं.

मेंढरं चारून आल्यावर आज्जा रेघेपलीकडच्या लिंबाखाली बसायचा. बोलायचा नाही फारसं. दुपारच्या उन्हात लिंबाची वाळकी पानं पत्र्यावर पडायची, ती सुद्धा ऐकू यायची, आणि लांबून मेंढरांचं बेंबें. संध्याकाळी आई व्हरांड्यात येऊन बसली की तो विचारायचा, "काय लागतंय का?" आई म्हणायची, "न्हाई मामा." रोज एवढंच. मला वाटायचं, हा माणूस नुसतं आम्हाला राखत बसलाय, मेंढरं राखावीत तसा. आता कळतं की त्याला तेवढीच एक रीत ठाऊक होती.

पप्पांचा फोन मात्र दिवसातून चार वेळा यायचा. पहिल्या दिवशी मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं कानालाच लावला. त्यांनी माझ्या रुसव्याचं नावही काढलं नाही. म्हणाले, "कुठल्या खोलीत ठेवलंय तुमाला? डाव्या का उजव्या?"

"डाव्या."

"मग ती चवथीची. खिडकीजवळ एका फरशीचा कोपरा उडालाय का बघ बरं."

मी बघितलं. कोपरा उडालेला होता, नंतर कुणीतरी तिथं सिमेंट भरलं होतं. तसं सांगितलं.

"मी तिथंच बसायचो," पप्पा म्हणाले, आणि इतके खुशीत हसले की त्यांना खोकला आला. "खिडकीतून लिंब दिसतोय का?"

"दिसतोय. खाली आज्जा बसलेत."

"काय करतोय?"

"काय नाही. इकडं बघतायत."

मग म्हणाले, "तवाबी असाच बसायचा. मेंढरं पलीकडं सोडून. मी शाळेतनं पळून जातोय का बघायला." त्या दिवसापासून ते मला रोज काही ना काही बघायला सांगायचे. शाळेमागची विहीर, बांधावरची बोर, लांबच्या डोंगराची खिंड. मी रेघेच्या आतून जेवढं दिसेल तेवढं बघून त्यांना सांगायचे. पंधरा वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहिले होते, पण त्यांना गावाची एवढी ओढ आहे हे मला त्या चार दिवसांत कळलं. आम्ही जिथं नको म्हणून आलो होतो, तिथं यायला तो माणूस आतून झुरत होता.

रात्री मी त्या सिमेंट भरलेल्या फरशीवर माझी वळकटी टाकायला लागले.

पाचव्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. साधा ताप आहे म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळी फोन आला तो सेल्वी अक्कांचा. त्या तमिळमध्ये भराभर बोलत होत्या, आईला सगळं समजेना, म्हणून फोन माझ्याकडे दिला. पप्पांना दम लागलाय, सरकारी दवाखान्यात नेलंय, गाडी येऊन घेऊन गेली. मी ते मराठीत आईला सांगितलं. एक एक वाक्य सांगताना माझ्या तोंडून ते खरं होतंय असं वाटत होतं. आई उठली, पिशवी भरली, पदर खोचला आणि रेघेपाशी जाऊन उभी राहिली. आशाताईंना म्हणाली, "मला माघारी जायचं हाय." ताई म्हणाल्या, पास मिळणार नाही, गाडी नाही, आणि गेलात तरी तिथं आत सोडत नाहीत. आई ऐकेना. तेव्हा लिंबाखालून आज्जा उठून आला. रेघेच्या पलीकडून, कधी नव्हे ते मोठ्यानं बोलला. "पोरी, वाटंतच अडकशील. ह्या लेकराला कुटं ठिवशील? त्यो माजा ल्योक हाय. मला काय जावंसं वाटत न्हाई व्हय?"

आई माघारी आली. पिशवी तशीच भरलेली तिच्या उशाशी राहिली.

सातव्या दिवशी पप्पांनी दवाखान्यातून स्वतः फोन केला. दोन-तीन शब्द बोलायचे, थांबायचे. आईला म्हणाले, जेवलीस का. मला म्हणाले, "माडगं आवडायला लागलं का?" मी म्हटलं, हो. खोटं होतं ते. मला त्यांना काचेबद्दल, तोंड फिरवल्याबद्दल सांगायचं होतं. मी म्हटलं, "पप्पा, गाडीत मी..." आणि ते म्हणाले, "मला दिसत हुतीस तू. काचंत." पुढं त्यांना बोलवेना. तिथं कुणीतरी फोन घेतला. हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्या काचेत त्यांना काय दिसलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पलीकडे तोंड केलं तरी माझा चेहरा काचेत उमटला असणार, आणि मी रडत होते ते त्यांनी बघितलं असणार. मी असंच धरलं आहे.

आठव्या दिवशी फोन आला नाही. नवव्या दिवशी दुपारी, आई व्हरांड्यात गहू निवडत होती. हौसाआजीनं मुद्दाम पाठवले होते, हाताला काम असावं म्हणून. मी तिच्याजवळ तक्त्यातलं जोडाक्षर गिरवत होते. आज्जा लिंबाखाली होता. त्याचा तो बटणांचा छोटा फोन वाजला. तो खिशातून काढायला त्याला नेहमी वेळ लागायचा. त्यानं कानाला लावला, ऐकलं, आणि उभा राहिला. फोन पप्पांच्या मित्राचा, तानाजीकाकांचा होता. सेलममध्येच त्यांचंही दुकान. आईला सांगायचा धीर न झाल्यामुळे त्यांनी आज्जाला लावला होता. एवढ्या लांबून आम्हाला काही ऐकू आलं नाही. आईचा हात सुपात थांबला. आज्जानं फोन खिशात ठेवला, पटका सोडला, पुन्हा बांधायला गेला आणि तो तसाच हातात घेऊन शाळेकडे चालायला लागला.

ग्रामपंचायतीचा शिपाई तिथं राखणीला असायचा. तो म्हणाला, "अण्णा, रेघ हाय. थांबा."

आज्जा म्हणाला, "आता कशाला थांबू?" आणि रेघेवरून चालत आत आला. शिपायानं हात पुढं केला होता, तो त्यानं खाली घेतला.

व्हरांड्याच्या पायरीवर येऊन आज्जा आईच्या समोर बसला. म्हणाला, "पोरी, गेला गं आपला." मग माझ्याकडे बघितलं आणि मला ओढून जवळ घेतलं. घोंगडीचा, मेंढरांचा, तंबाखूचा वास आला. नऊ दिवसांत आईशिवाय मला कुणी शिवलं नव्हतं. तोवर मी आज्जाला अहो-जाहो करत होते. त्या क्षणी मी काय म्हणाले ते मला आठवत नाही, पण आई सांगते की मी "तू आत का आलास, तुला काय झालं तर" असं म्हणत त्याला बाहेर ढकलत होते.

तासाभरात बायका जमल्या. रेघेपलीकडे, लिंबाखाली, एकमेकींपासून हातभर अंतरावर. आमच्याकडे गळा काढून, मेलेल्याशी बोलत रडतात. हौसाआजीनं सुरुवात केली. माज्या वासरा, मुलूख सोडून गेलास, माती द्यायाला कुनी न्हाई रं. मग एकेक आवाज त्यात मिसळत गेला. आई रेघेपाशी जाऊन उभी राहिली, माझा हात धरून. अशा वेळी बायका जिच्यावर कोसळलं तिला मिठीत घेतात, मांडीवर झोपवतात, तिच्या तोंडावर पाणी मारतात. इथं मधे वीस पावलांचं अंतर होतं. त्या तिकडून रडल्या आणि आई इकडून बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही. तानाजीकाकांनी नंतर सांगितलं की दवाखान्यात त्यांना पप्पांचं तोंड लांबूनच दाखवलं, आणि अग्नी तिथल्या माणसांनी दिला. अस्थी त्यांनी जपून ठेवल्या आणि चार महिन्यांनी स्वतः घेऊन आले.

संध्याकाळी आशाताई आल्या. आज्जाला व्हरांड्यात बसलेलं बघून त्यांनी वही उघडली. "अण्णा, तुमाला आता आजपासनं चौदा दिवस इथं."

"लिव."

"वय किती लिहू?"

"लिव पंच्याहत्तर. कुनाला ठावं."

मेंढरं हौसाआजीनं आपल्या कुडाच्या वाड्यात घेतली. आज्जा माझ्याशेजारी खिडकीखाली घोंगडं टाकून झोपायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "तुजा बा तिकडं दुकानात कसा बोलायचा गं?"

मला कळेना. मी म्हटलं, "तमिळ बोलायचे."

"व्हय, पन कसं? तसं बोलून दाव की मला. मी कवा ऐकलंच न्हाई."

पप्पा सोळाव्या वर्षी गाव सोडून सेलमला गेले होते. त्यानंतर वर्षाचे चार दिवस. आज्जाला त्याचा मुलगा सोळा वर्षांचाच ठाऊक होता. मग मी फरशीवर मांडी घातली, पप्पा बसायचे तशी एका गुडघ्यावर हात ठेवून, आणि दारात सोनार आलाय असं समजून म्हटलं, "वांगं, वांगं, उक्कारुंगं."

आज्जा बघत राहिला. "गिऱ्हाइकाला वांगं म्हनायचा?"

"वांगं म्हणजे या. उक्कारुंगं म्हणजे बसा."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच हललं नाही. मग खांदे हलायला लागले. हसता हसता त्यानं पटक्याचं टोक तोंडाला लावलं आणि ते तिथंच धरून ठेवलं, आणि हसणं कधी संपलं ते मला कळलं नाही. आई पाठमोरी बसली होती. तिनं वळून न बघता सांगितलं, "मामा, त्येंचं तमिळ ऐकून समदी गल्ली हसायची. मेंढरं हाकल्यागत बोलायचे."

त्यानंतर रोज आमची देवाणघेवाण चालली. मी त्याला सेलमचे पप्पा सांगायचे: गाळलेल्या चांदीचा गोळा पाण्यात टाकताना मला हाक मारायचे, पाणी चरचरलं की लहान मुलासारखे हसायचे, इडलीवर खर्डा घालून खायचे. तो मला वाडीचा पोरगा सांगायचा: कोकरू कुशीत घेऊन झोपणारा, पाढ्यांत हुशार, विहिरीत उडी टाकायला भिणारा. एकदा दुपारी मी विचारलं, "मग तू त्यांना जाऊ कसं दिलंस?" तोवर मी त्याला तू म्हणायला लागले होते.

आज्जा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुष्काळ हुता. निम्मी मेंढरं मेली. एक पावना आला, म्हनला, पोरगं द्या, धंदा शिकवतो. त्येला जायाचं नव्हतं. दोन दिस जेवला न्हाई. मीच यष्टीत बसिवला. यष्टी हलली तरी माज्याकडं बगंना. लय दिस वाटायचं, पोरगं रागावून गेलं. मग पैल्या यात्रंला आला, वाकून पाया पडला, तवा कळलं, रागाला काय आलं न्हवतं. नुसतं जीव तुटत हुता."

मी काचेची गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. ती त्याला सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथं होता. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

चौदावा दिवस आला. आशाताई म्हणाल्या, "तुमी दोगी आता घरी जाऊ शकता. अण्णांचे अजून नऊ दिस." आज्जा लगेच म्हणाला, "जावा. हौसा हाय तिकडं. मी हितं ऱ्हातो." आईनं आठ दिवसांपूर्वी भरलेली ती पिशवी उचलली. मला वाटलं आम्ही निघालो. तिनं पिशवी फळ्याखाली ठेवली आणि एकेक कपडा काढून बाकावर घडी घालून ठेवायला लागली. म्हणाली, "आमच्यापायी तुमी आत आला. तुमाला एकलं टाकून मी त्या घरात जाऊन काय करू? त्ये घर तरी मला कुटं ठावं हाय? चार दिसांचं पावनं आमी." आज्जानं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या रात्री आईनं तीन विटा मांडून व्हरांड्याच्या टोकाला चूल केली. दुसऱ्या दिवसापासून भाकरी ती स्वतः करायला लागली. हौसाआजी नुसतं पीठ आणि हुलगे ठेवून जायची. माडगं आईच्या हातचं मला आवडलं, का तोवर जीभच बदलली होती, माहीत नाही. मी मागून घेतलं तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

ते शेवटचे नऊ दिवस मी कुणालाही समजावून सांगू शकत नाही. पप्पा नव्हते आणि आम्ही तिघं त्यांच्या वर्गात राहत होतो. सकाळी आज्जा पटांगण झाडायचा, आई चूल पेटवायची, मी तक्ते सोडून धडा वाचायला लागले होते. कुणीतरी विसरलेलं चौथीचं पुस्तक कपाटामागं सापडलं, ते मी मोठ्यानं वाचायचे आणि आज्जा मधेच म्हणायचा, "ह्ये तुज्या बाला पाट हुतं." असेल किंवा नसेल. पुस्तकं दर काही वर्षांनी बदलतात हे मला पुढं कळलं. सुख म्हणावं तर लाज वाटते. पण आजही साताऱ्यातल्या खोलीवर एकटीनं जेवताना मला सेलमची आठवण कमी येते, त्या व्हरांड्याची जास्त येते.

तेविसाव्या दिवशी सकाळी ताईंनी तिघांचा ताप बघितला आणि वही मिटली. आईनं खोली पुसली, बाकं होती तशी लावली. आज्जानं चुलीच्या विटा जागेवर नेऊन ठेवल्या. आम्ही वाडीतून चालत निघालो. दारादारांत माणसं उभी होती. घराशी पोहोचलो तर हौसाआजी अंगणात होती. तिनं तोंडावरचं फडकं खाली केलं, पुढं आली आणि आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. एवढंच केलं. आणि आईच्या आतून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही. ती हौसाआजीच्या खांद्यावर कोसळली. भोवतीनं बायका आल्या, एकीनं पाठ धरली, एकीनं डोकं. तेवीस दिवस अंतर राखलेल्या त्या बायका एकमेकींत अशा मिसळल्या की आई कुठली ते मला दिसेना.

मी दाराशी उभी होते. कुणीतरी म्हणालं, "पोरी, पानी दे समद्यांस्नी." रडून झालेल्याला तोंड धुवायला पाणी घरातल्या माणसानं द्यायचं असतं. मी रांजणातून तांब्या भरला आणि एकेकीला देत गेले. त्यांनी डोळ्यांना लावलं, चूळ भरली, आणि उरलेलं प्यायल्या. कुणी तांब्या पुसून घेतला नाही. मी पुन्हा पुन्हा भरत राहिले.

आज्जा वाड्याच्या दगडावर बसला होता. मेंढरं त्याचा आवाज ऐकून कुडाला येऊन भिडली होती. मी त्यालाही पाणी दिलं. तो प्यायला, मिशा पुसल्या, आणि काठी घेऊन उठला. "चौदा दिस झालं, ह्येंना नीट चारलं न्हाई कुनी," म्हणाला. "येतीस?"

मी मागं बघितलं. आई बायकांच्या मधोमध होती आणि तिला धरायला पुष्कळ हात होते. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि चपला घातल्या.